धक्का

हातवाल्यांच्या शर्टांना डावी बाही नसे. शिंपी डाव्या खांद्यापाशी कापड मुडपून टीप मारायचा आणि वाचलेल्या तुकड्याची पिशवी शिवून द्यायचा. घरात दारामागे अशा पिशव्या एकीवर एक टांगलेल्या होत्या. कुठला शर्ट किती जुना, हे बायको पिशवीवरून सांगे. उजवी बाही मात्र मनगटापर्यंत, बटण लावलेली. दुरून येताना दिसले की वाटे, अर्धा माणूस कचेरीत निघालाय आणि अर्धा मारामारीला.

धंदा असा, की गाय माजावर आली की मालक फोन करी. हातवाले मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचं भांडं बांधून हजर होत. झाकण उघडलं की पांढरा धूर बाहेर सांडे. त्यातून चिमट्याने वळूच्या रेताची एक बारीक कांडी उचलायची, कोमट पाण्यात धरायची, गनमध्ये बसवायची. मग उजव्या हातात गन आणि डावा हात गाईच्या मागून कोपराच्या पार वरपर्यंत आत. हात आत असताना ते गाईकडे कधी पाहत नसत. गोठ्याच्या पत्र्याकडे पाहत, एखाद्याचं नाव ओठांवर आहे पण आठवत नाही, अशा चेहऱ्याने. दोनेक महिन्यांनी पुन्हा येत, पुन्हा हात घालत, पुन्हा पत्र्याकडे पाहत आणि एकच शब्द बोलत. "आहे." नाहीतर, "नाही."

"नाही" ऐकलं की मालक गाईकडे असा बघे, जणू तिने परीक्षेला जाते सांगून सिनेमा पाहिला.

गोठ्यागोठ्यात त्यांना एकच हाक होती. "या जावई!" मग गरम पाणी, साबण, धुतलेला टॉवेल, चहा. "इतक्या सासुरवाड्या," हातवाले म्हणत, "आणि एक मेहुणी बोलेल तर शपथ." हा त्यांचा एकमेव विनोद. लग्नातल्या कोटासारखा तो त्यांनी जपून वापरला आणि तो कधी फाटला नाही.

खांद्यापर्यंत येणारे प्लॅस्टिकचे हातमोजे त्यांच्याकडे खोकंभर होते. घालत नसत. "मोजा घातला की हात बहिरा होतो," असं त्यांचं म्हणणं. बायकोने त्यातला एक काढून छत्रीला घातला होता. छत्री अजून नवी होती.

जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडम यावरून त्यांना बोलत.

"अहो, मोजा घालत जा. गाय कधी काय देईल सांगता येत नाही."

"शेण देते, मॅडम."

"शेणाने संध्याकाळचा ताप येत नाही. गुडघे धरून बसता ते का? रक्त तपासून घ्या एकदा."

"अंगात तेवढं आहे का बघतो आणि येतो," हातवाले म्हणत, आणि जात नसत. ताप त्यांना कधीपासून येत होता ते त्यांनाही आठवत नव्हतं. दिवेलागणीला चढायचा, घाम फुटायचा, सकाळी माणूस ठणठणीत. ज्याला सकाळी कामाला जाता येतं तो आजारी नसतो, एवढं वैद्यक त्यांना येत होतं.

आता एका शब्दाविषयी सांगायला हवं. गाईचा गर्भ दिवस भरायच्या आत पडला तर त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: गाभडणे. जुना, स्पष्ट आणि गोठ्यात कुणीही न उच्चारणारा. गोठ्यात म्हणतात, "धक्का लागला." हातवाल्यांनी आयुष्यात नाना तऱ्हेचे धक्के ऐकले होते. शेजारच्या गाईने शिंग मारलं, त्याचा धक्का. ओल्या फरशीवरून पाय सरकला, त्याचा धक्का. शेजाऱ्याने नवा पंप बसवला, त्याच्या आवाजाचा धक्का. एका म्हाताऱ्याच्या मते त्याच्या गाईला सूनबाईंच्या बोलण्याचा धक्का बसला होता, आणि सूनबाई त्या वेळी बाजारात होत्या.

धक्क्याची सोय अशी, की तो एका गाईला लागतो आणि तिथेच संपतो. त्यात कुणाचा दोष नसतो. गाभडणं तसं नाही. त्याची एक जात पसरते. मॅडमनी दूधवाल्यांच्या बैठकीत फळ्यावर खडूने गाय काढून समजावलं होतं, की पडलेल्या गर्भातून, वारेतून, दुधातून हा रोग जातो. गाईकडून गाईकडे आणि गाईकडून माणसाकडे. "बाई गरोदर असेल तर तिचंही पोट पडू शकतं," असंही त्या म्हणाल्या होत्या. एका गोठ्यात दोन गाई गाभडल्या की कुणीही हात न लावता त्यांना कळवायचं. रक्त तपासायचं. ज्यांच्यात रोग निघेल त्या गाई वेगळ्या बांधायच्या, त्यांचं दूध बंद, आणि शेवटी त्या गोठ्यातून जायच्या. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. फळ्यावरच्या गाईला मॅडमकडून शेपूट काढायचं राहून गेलं होतं, त्याचीच चर्चा पुढे जास्त झाली.

हातवाल्यांना एकच मुलगी. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस राहिले होते. खरा जावई दूरच्या बांधकामावर क्रेन चालवायचा, म्हणून ती आईवडिलांकडे येऊन राहिली होती. पाचवा महिना लागला होता. इतक्या वर्षांत दवाखान्यात जाऊन आली की ती वडिलांना काही सांगत नसे, या खेपेला दारातच उभी राहून, पदवी मिळाल्यासारखी, एकच शब्द म्हणाली होती, "आहे." हातवाले उठून बाहेर गेले आणि मोटरसायकल पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

दोन घरं सोडून त्यांच्या थोरल्या भावाचा गोठा. हा गोठा पाहायला माणसं येत. रबराच्या चटया, पंखे, पाण्याच्या आपोआप भरणाऱ्या कुंड्या. दाराशी पाटी: "आदर्श गोठा". पाटीवर रंगाऱ्याने गाय काढली होती आणि उत्साहाच्या भरात तिला सहा सड दिले होते. थोरला म्हणायचा, राहू दे, दूध जास्त दिसतं. त्या सालात त्याने लांबच्या बाजारातून दोन देखण्या कालवडी आणल्या. रक्ततपासणीचा दाखला मागायचा असतो, तो त्याने मागितला नाही. दाखला मागणं म्हणजे विकणाऱ्यावर अविश्वास, आणि थोरला मनाने मोठा.

एका दुपारी त्याने निरोप पाठवला. हातवाले गेले. नव्या कालवडींपैकी एक मान खाली घालून उभी होती. सातव्या महिन्यातलं वासरू गोणपाटाखाली झाकलेलं. वार आतच अडकलेली.

"काय झालं?"

"खुंट्याला अडखळली," थोरला म्हणाला. "धक्का लागला."

हातवाल्यांनी साबण लावला आणि उघडा हात आत घातला. पत्र्याकडे पाहिलं. या खेपेला नाव लगेच आठवलं. वार गर्भाशयाला जिथे जिथे धरून असते, त्या गोळ्यांवर बोटं फिरली तेव्हा ते मऊ लागायला हवे होते. चामड्यासारखे जाड, बुळबुळीत लागले. बाहेर आलं त्याचा रंग आणि वास सांगायची गरज नाही. हातवाल्यांनी तो वास आधीही घेतला होता, दुसऱ्यांच्या गोठ्यांत, आणि प्रत्येक वेळी मॅडमना कळवलंही होतं. दुसऱ्यांचे गोठे होते ते.

"काय रे धाकट्या, गप्प का?"

"हं."

"धक्काच ना?"

"हं," हातवाले म्हणाले.

थोरल्याने वासरू आणि वार गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकली. चुना टाकायला हवा होता. चुना पाटी रंगवताना संपला होता.

त्याच आठवड्यात हातवाल्यांना कळलं की मुलगी रोज सकाळी थोरल्याच्या गोठ्यात काकूकडे दूध प्यायला जाते. धारोष्ण. काकू धार काढता काढता पेला भरून तिच्या हातात द्यायची. फेसाळ, अंगच्या उबेचं, चूल न पाहिलेलं. आपल्या भाषेत ज्या मोजक्या शब्दांपुढे डॉक्टरही हात टेकतात त्यातला धारोष्ण हा एक.

"घरी आणून उकळून पीत जा," हातवाले मुलीला म्हणाले.

"का?"

आता कारण सांगायचं तर शब्द उच्चारायला हवा. शब्द उच्चारायचा तर भावाच्या गोठ्याचं दार बंद.

"गॅस होतो कच्च्या दुधाने."

"मला नाही होत."

"उकळलं की सत्त्व जातं," बायको आतून म्हणाली. "तुमच्याच आई म्हणायच्या. त्यांना कधी गॅस झालेला पाहिला नाही मी."

मुलगी हसली. "बाबा, काकू म्हणते बाळाला हाडं घट्ट येतात. तुम्ही जगाच्या गाईंना सल्ले देता आणि घरच्या गाईचं दूध चालत नाही होय?"

हातवाल्यांनी आणखी एकदा, दोनदा "उकळून" म्हणून पाहिलं. घरात त्याची थट्टा झाली. बायको पाण्याचा पेला देतानाही विचारायची, "उकळून देऊ?"

मग थोरल्याची दुसरी गाय गाभडली. आणि तिच्या पाठोपाठ तिसरी, घरची, जुनी, पाच वेतांची, जी खुंट्याला अडखळण्याच्या वयाची नव्हती. हातवाले या वेळी गोठ्याच्या दारातच उभे राहिले.

"दादा, मॅडमना बोलवू."

"कशाला?"

"रक्त बघतील."

"कुणाचं? धक्का लागल्यावर रक्त बघतात का रे?" थोरला हसत होता, पण आवाज बसला होता. "पुढल्या महिन्यात दूधसंघाची माणसं गोठा बघायला येणार. तू मॅडमना आणलंस की पाटी उतरली. तुझ्या वहिनीने या गाई लेकरांसारख्या वाढवल्यात. त्यातल्या अर्ध्या तुझ्याच हाताने गाभण राहिल्यात. तूच घालवणार?"

"तसं नाही."

"मग कसं?"

हातवाल्यांचं आयुष्य दोन शब्दांवर चाललं होतं, आहे आणि नाही, आणि तिसरा त्यांना जमत नव्हता. त्यांनी बाही नसलेला हात साबणाने धुतला, वार काढली, परत धुतला. निघताना एवढंच म्हणाले, "पोरीला कच्चं दूध देऊ नका."

"तुझी वहिनी दुखावेल," थोरला म्हणाला. "लाडाने देते."

लाडावर कुठल्याच तपासणीचं उत्तर निघत नाही. त्या संध्याकाळी हातवाल्यांनी बायकोला सांगायचं ठरवलं होतं, पण ताप चढला, आणि ताप उतरला तेव्हा सकाळ झाली होती आणि मुलगी काकूकडे जाऊन आली होती. ओठावर फेसाची पांढरी रेघ तशीच होती.

मुलीला ताप येऊ लागला तो संध्याकाळचाच. सकाळी ती ठीक असे. कंबर भरून येई. बायकोने सांगितलं, या महिन्यात कंबर दुखतेच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने सांगितलं, हवा बदलतेय. हातवाल्यांनी तिच्या कपाळाला उजव्या हाताने स्पर्श केला. डावा त्यांनी पाठीमागे धरला होता. ताप त्यांना ओळखीचा वाटला, घरातलाच कुणी दारात उभा असावा तसा. दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जायचं त्यांनी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं.

दवाखान्याची पडवी लांब आणि अरुंद होती. भिंतीला हिरवा तेलरंग, बसायला एक बाक, फिनेलचा वास. बाकावर बायको, काकू आणि थोरला. हातवाले उभे. अर्धवट लोटलेल्या दाराच्या आत मुलगी पडदा ओढलेल्या खाटेवर. डॉक्टरबाई बाहेर आल्या. मूल गेलं हे त्यांनी नीट, हळू आवाजात सांगितलं. बायकोने तोंडात पदर कोंबला. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "मध्ये कुठे पडल्या होत्या का? काही मार, धक्का वगैरे?"

"पायरीवरून पाय घसरला होता," काकू रडत म्हणाली. "मागच्या आठवड्यात. मीच म्हटलं होतं, बाई सांभाळून."

"हो, घसरला होता खरा," बायको म्हणाली.

"धक्काच लागला," थोरला म्हणाला. "दुसरं काय असणार?"

"धक्का नाही," हातवाले म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिलं. ते पडवीच्या छताकडे बघत होते. डावा हात कोपरात किंचित वाकलेला, बोटं एकमेकांवर घासत होती.

"गाभडली," ते म्हणाले.

पडवीतली परिचारिका ट्रे हातात घेऊन थांबली. काकूने कानांवर हात ठेवले. बायको उठली आणि तिने नवऱ्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या.

"अहो! लेक आहे ती! गाय आहे का? जीभ कशी झडली नाही तुमची?"

"काय म्हणालात?" डॉक्टरबाईंनी विचारलं. शब्द त्यांच्या ऐकण्यातला नव्हता.

मग हातवाले आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. त्यात थोरल्याचा गोठा होता, तीन गाई होत्या, चामड्यासारखे जाड गोळे होते, चुना नसलेला खड्डा होता, रोजचा पेला होता, संध्याकाळचा ताप होता, मुलीचा आणि त्यांचा स्वतःचा. थांबायला कुठे जागाच नव्हती. डॉक्टरबाईंनी मधेच पेन काढलं आणि दोघांच्याही रक्ताची तपासणी लिहिली. थोरला, स्कूटर बरोबर लावली आहे का ते बघायला खाली गेला तो परत आला नाही. आतल्या पडद्यामागे हालचाल थांबली होती. दार अर्धवटच लोटलेलं होतं, आणि मुलीचे कान पहिल्यापासून तिखट.

रक्तात दोघांच्याही तोच रोग निघाला. मॅडम थोरल्याच्या गोठ्यात आल्या, या खेपेला बोलावण्याची वाट न बघता. बहुतेक गाईंच्या कानांना वेगळे बिल्ले लागले. गाईंचं रक्त काढताना मॅडमनी खांद्यापर्यंतचा मोजा हातवाल्यांसमोर धरला आणि ते घालेपर्यंत तसाच धरून ठेवला. पुढे एका सकाळी ट्रक येऊन गाई घेऊन गेला. काकू प्रत्येकीच्या कपाळावरून हात फिरवत होती, मॅडम नको नको म्हणत असताना. पाटी तशीच राहिली. आत कुणी नाही आणि दारावर सहा सडांची गाय.

नातेवाइकांत पुढे बरीच चर्चा झाली, पण ती रोगाची नव्हती. हातवाले स्वतःच्या मुलीला काय म्हणाले, याची होती. बाप असून असा शब्द. दवाखान्यात, परक्या बाईसमोर. थोरला भेटेल त्याला सांगायचा, की गाई गेल्या त्याचं दुःख नाही, पण धाकट्याने जीभ घाण केली. गोठ्यांतही बोलावणी कमी झाली. जावई येईल, हात घालेल आणि नको तो शब्द बोलून जाईल, अशी धास्ती. गाई पूर्वीसारख्याच अधूनमधून गाभडत राहिल्या. त्यांना पूर्वीसारखेच धक्के लागत राहिले.

ज्यांनी बोलावलं तिथे हातवाले मोजा घालून जात. आत हात घालून पत्र्याकडे बराच वेळ बघत आणि म्हणत, "अजून कळत नाही. मॅडमना दाखवा."

बापलेकीला गोळ्या एकच होत्या आणि बरेच आठवडे घ्यायच्या होत्या. लघवी लाल व्हायची. घाबरायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी दोघं समोरासमोर बसत. हातवाले गोळ्या फोडून दोन ढीग करत, एक तिच्या बाजूला सरकवत. दवाखान्यापासून मुलगी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. एका संध्याकाळी तिने गोळी हातात धरून विचारलं, "पहिल्या वेळीच कळलं होतं तुम्हाला?"

"हात घातल्या घातल्या."

"मग?"

"दादा म्हणाला, धक्का."

"आणि तुम्ही?"

"हं म्हटलं."

तिने गोळी गिळली. पाणी प्यायली. "तिथे म्हणायचा होतात तो शब्द," ती म्हणाली. "मला म्हणालात."

हातवाले गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीच्या कडा बोटाने दाबत राहिले, मऊ होतील अशा आशेने.

शेगडीपाशी बायको दूध तापवत होती. आता ती दूध एकदा उतू घालवी, पुन्हा ठेवी, पुन्हा उकळी आणी. भांड्याचा तळ करपेपर्यंत तिचं समाधान होत नसे. घरभर करपल्या दुधाचा वास बसला होता, दारामागच्या पिशव्यांतसुद्धा. तिला कुणी थांबवत नव्हतं. सत्त्वाचं नाव तर कुणी काढत नव्हतं.

तिने पेला आणून मुलीपुढे ठेवला. तपकिरी, जाड सायीचा. मुलीने तो टेबलावरून वडिलांकडे सरकवला.

"आधी तुम्ही."

हे रोजचं झालं होतं. हातवाल्यांनी पेला उचलला. ते पीत होते तेवढा वेळ मुलगी त्यांच्याकडे पाहत नव्हती. मान वर करून छताकडे पाहत होती. मग तिने हात पुढे केला, आणि उरलेलं दूध घेतलं.